फोबोस दिसेना म्हणून झूम करत सुटू नका: स्टेलॅरियममधल्या नेहमीच्या चुका

स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मंगळ शोधायचा आणि त्याचा चंद्र फोबोस मोठा व्हावा म्हणून माउसचं चाक फिरवत बसायचं, ही नवशिक्यांची जुनी खोड. एका जागी झूम अडतो, मग ‘सॉफ्टवेअर बिघडलंय’ ही तक्रार. बिघडलेलं काही नसतं. खालच्या पट्टीवरचा एफओव्ही, म्हणजे दृश्यक्षेत्राचा आकडा, ०.००१३९ अंशांवर येऊन थांबतो. हे झाले ५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग).

त्याच्या आत शिरून मिळणारही काही नाही. फोबोस सरासरी २२ किलोमीटरचा. मंगळ अगदी जवळ, ५.६ कोटी किलोमीटरवर आला तरी फोबोस भरतो जेमतेम ०.०८ विकला. १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर हे होतात १७ पिक्सेल. मंगळ सूर्यापलीकडे गेला की तीनसुद्धा धड नाहीत. आसाफ हॉल यांनी ऑगस्ट १८७७ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतल्या २६ इंची दुर्बिणीतून मंगळाचे दोन्ही चंद्र शोधले, तेही मंगळाची झगझग दृश्यक्षेत्राबाहेर ठेवून. त्यांनाही दिसले ते ठिपकेच. फोबोसवरच्या ९ किलोमीटरच्या विवराला त्यांच्या पत्नीचं माहेरचं नाव, स्टिकनी, मिळालं आहे. ते विवर पृथ्वीवर बसून झूमने बघण्याचा हट्ट सोडा.

त्यापेक्षा उभं राहायची जागा बदला. एफ ३ दाबून मंगळ शोधा, तो निवडलेला असतानाच कंट्रोल आणि जी दाबा. तुम्ही मंगळावर पोहोचलात. एफ ६ च्या, म्हणजे ठिकाणाच्या, खिडकीत अक्षांश शून्याच्या आसपास ठेवा, कारण ७० अंशांच्या पलीकडून फोबोस क्षितिजावर येतच नाही. जी ने जमीन आणि ए ने वातावरण बंद करा. आता फोबोस शोधा, तो पडद्याच्या मध्यभागी धरून ठेवायला स्पेस दाबा, मग झूमसाठी फॉरवर्ड स्लॅश. डोक्यावर असताना तो ६,००० किलोमीटरवर असतो आणि १२ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दिसतो, म्हणजे आपल्या चंद्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा. तो पश्चिमेला उगवतो, कारण त्याची प्रदक्षिणा ७ तास ३९ मिनिटांची, मंगळाच्या दिवसापेक्षा खूप लहान.

दुसरी चूक स्पेस न दाबण्याची. पृथ्वीवरून बघताना आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. दृश्यक्षेत्र ५ विकलांचं असेल तर फोबोस सेकंदाच्या तिसऱ्या भागात पडद्याबाहेर. ‘आत्ता होता, कुठे गेला?’ याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. आधी निवडा, मग स्पेस, मग झूम. हा क्रम मोडू नका, घाई असली तरी.

मंगळ निवडून ठेवून फोबोसवर झूम करू नका. पडदा मंगळानेच भरेल.

चंद्र-ग्रह मोठे करून दाखवणारे पर्याय एफ ४ च्या खिडकीत बंद ठेवा. फुगवलेला मंगळ जवळचा चंद्र गिळतो, आणि त्यावरून केलेलं मोजमाप फुकट जातं.

प्रकाशाचा वेग धरण्याचा पर्याय मात्र चालू हवा. ५.६ कोटी किलोमीटर यायला प्रकाशाला तीन मिनिटांहून जास्त लागतात. तेवढ्यात फोबोस ४०० किलोमीटर पुढे जातो. पृथ्वीवरून हा फरक दीड विकलेपर्यंत भरतो, म्हणजे ५ विकलांच्या पडद्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा.

काम झालं की एफ ६ मध्ये आपलं गाव परत निवडा, नाहीतर पुढचे सगळे उदयास्त मंगळावरचे मिळतील.