सिंहांच्या नरटोळीचा माग काढताना मिशांचे ठिपके पाहा
दक्षिण आफ्रिकेतील साबी सँड या खासगी अभयारण्यात 2006 पासून काही वर्षे दबदबा गाजवलेल्या मापोगो या सहा नरांच्या टोळीसारखी एखादी टोळी छायाचित्रांवरून वर्षानुवर्षे अभ्यासायची असेल, तर आधी प्रत्येक नराची ओळख पक्की करावी. आयाळ वयानुसार गडद होत जाते आणि ताज्या जखमांमुळे ओळखीचा चेहराही परका वाटतो. मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची मांडणी मात्र आयुष्यभर तशीच राहते. छायाचित्र मोठे करून मिशांची सर्वांत वरची पूर्ण ओळ शोधावी आणि तिच्याही वर तुरळक दिसणारे ठिपके ओळीतील कितव्या ठिपक्याच्या डोक्यावर येतात, हे नोंदवावे. ही मांडणी दोन्ही बाजूंना वेगळी असते, त्यामुळे डावी व उजवी बाजू स्वतंत्रपणे टिपावी आणि आरशातल्यासारखे उलटवलेले छायाचित्र नोंदीत अजिबात घेऊ नये. कानाची फाटलेली कड पडताळणीला उपयोगी पडते. भारतातून जाणाऱ्यांनी कॅमेऱ्याचे घड्याळ साडेतीन तास मागे घ्यावे. एखादा नर दिसला नाही, तर ‘आज दिसला नाही’ एवढेच लिहावे. एकाच टोळीतील नर अनेकदा वेगवेगळे फिरतात, तेव्हा त्याच्या मृत्यूचा तर्क घाईने मांडणे हा त्या प्राण्यावर अन्याय आहे.