जुन्या बाइकला दुसरं इंजिन घेताय? आधी ते नेमकं कुठलं आहे ते ओळखा

इंदूरमध्ये जुनी यामाहा आरएक्स, बुलेट, येझदी परत उभी करणारे पुष्कळ लोक आहेत आणि बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते, इंजिन सीज म्हणजे आतून जाम झालेलं असतं किंवा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फुटलेली असते, मग जुन्या पार्टसाठी छोटी ग्वालटोली नाहीतर लोहामंडीच्या बाजारात चक्कर मारायची, तिथे "भिया, आरएक्स का इंजन है क्या" विचारलं की कोणीतरी पोत्याखालून एक इंजिन काढतो आणि म्हणतो "एकदम ओरिजनल है". बऱ्याचदा ते काय आहे हे त्यालाही धड माहीत नसतं, त्यामुळे ओळखायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

पहिली गोष्ट, इंजिन म्हणजे क्रँककेस. हेड (वरचं झाकण), ब्लॉक (पिस्टन ज्यात फिरतो तो भाग), मॅग्नेट (वीज तयार करणारा भाग), कार्बोरेटर, साइड कव्हर हे सगळं इतक्या वर्षांत कोणीतरी कधीतरी बदललेलं असू शकतं, कव्हरवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. नंबर क्रँककेसवर पंच असतो आणि कागदोपत्री तुमची गाडी त्याच नंबराने ओळखली जाते. त्या जागेवर ग्रीस आणि माती साचलेली असते, ती रॉकेल किंवा थिनर लावून नायलॉनच्या ब्रशने काढा, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात मारू नका, कारण तिथे घासल्याच्या खुणा दिसल्या की उद्या तपासणीत नंबरशी छेडछाड झाली असा संशय तुमच्यावर येणार. मग टॉर्च आडवी धरून बघा. सगळे आकडे एका उंचीचे, एका खोलीचे, एका ओळीत आहेत का? एखादा आकडा जास्त खोल किंवा तिरका असेल, किंवा आजूबाजूचं कास्टिंग खरखरीत आणि नंबराखालचाच भाग आरशासारखा गुळगुळीत असेल, तर ते इंजिन तिथेच सोडा, भाव कितीही कमी असू दे.

नंबर नीट वाचता आला की तो आपल्या आरसीवरच्या इंजिन नंबराशी लावून बघा. सीरियलच्या आधीची अक्षरं आणि आकडे मॉडेलचा कोड असतो, तो जुळला तर क्रँककेस त्याच मॉडेलची आहे असं धरून पुढे जायला हरकत नाही. नाही जुळला तर विकणारा काहीही सांगो, ते दुसऱ्या मॉडेलचं इंजिन आहे.

आता मोजायचं. याचा लोक कंटाळा करतात आणि खरी गंमत इथेच आहे. बोर म्हणजे ब्लॉकच्या आतल्या भोकाची रुंदी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर. आरएक्स १०० चा बोर ५० मिमी आणि स्ट्रोक पण ५० मिमी, आरएक्स १३५ चा बोर ५८ आणि स्ट्रोक तोच ५०. म्हणजे प्लगच्या भोकातून तार घालून पिस्टन वर-खाली किती जातो ते मोजलं तर दोघांत काहीच फरक दिसणार नाही, हेड उघडावंच लागेल. नट काढा, हेड उचला, व्हर्नियरने बोर दोन दिशांनी मोजा. बोर गुणिले बोर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, उत्तराला हजाराने भागा, सीसी आला. ५० ला ९८ येतात आणि ५८ ला १३२. बोर ५०.५ किंवा ५१ निघाला तर घाबरू नका, ब्लॉक ओव्हरसाइझ केलेला आहे, म्हणजे झिजल्यावर भोक मोठं करून मोठा पिस्टन टाकलेला आहे, पिस्टनच्या डोक्यावर बहुतेक ०.५० किंवा १.०० असा आकडा पंच केलेला सापडेल. तो शेवटचा साइझ असेल तर मात्र ब्लॉकमध्ये पुढे जागा उरलेली नाही, नवीन स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली नळी) टाकायचा खर्च आत्ताच धरून भाव करा.

पण नुसता सीसी जुळला म्हणून इंजिन बसेल असं नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण बुलेट. जुनी कास्ट आयर्न ३५० म्हणजे ७० बाय ९०, ३४६ सीसी, आणि २००८-०९ पासून आलेलं यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिन पण ७० बाय ९०, ३४६ सीसीच. कागदावर दोन्ही सारखी, हातात घेतली की काहीच सारखं नाही. जुन्यात गिअरबॉक्स वेगळा, मागे बोल्टने कसलेला, यूसीईमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये. जुन्या फ्रेमला ते सरळ बसत नाही, फ्रेम कापणारा मिस्त्री भेटेल पण फ्रेम कापू नका, मनापासून सांगतो, गाडी कायमची बिघडते.

म्हणून बाजारात जाताना एक जाड पुठ्ठा फ्रेमला लावून फाउंडेशन बोल्टच्या, म्हणजे इंजिन फ्रेमला कसणाऱ्या बोल्टच्या, भोकांचे छाप घ्या, भोकांचं अंतर आणि बोल्टची जाडी त्यावरच लिहा, पुढचं स्प्रॉकेट कुठल्या बाजूला आणि मागच्या स्प्रॉकेटच्या रेषेत येतं का, गिअर कुठल्या बाजूला, मॅग्नेट जुन्या पॉइंटवालं की सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन), वायरिंग ६ व्होल्ट की १२ हे सगळं पण. पुठ्ठा इंजिनवर ठेवला की दोन मिनिटांत कळतं, वाद घालायची गरजच पडत नाही.

क्रँककेस जोडीने घ्यायची हे पण लक्षात ठेवा. दोन्ही अर्ध्या एकत्र मशीन केलेल्या असतात, त्यामुळे ब्लॉक बसतो त्या जागेवर जोडावरून नख फिरवा, पायरी लागली तर डावी एकाची आणि उजवी दुसऱ्याची आहे. पुढच्या स्प्रॉकेटमागे वेल्डिंग आहे का बघा, चेन तुटून तिथेच केस फुटते. कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वर-खाली हलवून प्ले म्हणजे ढिलेपणा लागला तर क्रँकचं काम निघेल, बाजूला थोडी हलते ते चालतं.

आणि तुमची स्वतःची क्रँककेस वाचण्यासारखी असेल तर तीच वाचवा असं माझं स्पष्ट मत आहे. अॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग चांगलं करणारे असतात, आणलेल्या इंजिनातून क्रँक, गिअर, ब्लॉक काढून आपल्या केसमध्ये टाका, नंबर तोच राहतो आणि कागदाची कटकट वाचते.

केस बदलावीच लागली तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं, आरसीतल्या माहितीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल परस्पर करता येत नाही. आधी नायता मुंडलाच्या आरटीओत विचारा, त्याच कंपनीचं त्याच टाइपचंच इंजिन घ्या, मग बसवा. खाजगी गाडीची आरसी १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते, तेव्हा नंबर तपासतात आणि न कळवलेला बदल तिथेच पकडला जातो. विकणाऱ्याकडून ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची कॉपी आणि सही केलेली पावती घ्या, एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो) सेवेत तो नंबर चोरीच्या गाड्यांत नाही ना ते तपासा. पैसे द्यायच्या आधी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलचा छाप घ्या आणि पावतीवर नंबर त्या छापावरून उतरवा, विकणाऱ्याने तोंडी सांगितलेला नाही, कारण शून्याच्या जागी ओ किंवा एकच्या जागी आय लिहिला गेला की फाइल तिथेच अडकते.