समुपदेशक व्हायचंय? आधी सुपरव्हिजन कुठे मिळेल ते बघा

निकाल लागले की मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मुलं-मुली कोल्हापुरात राजारामपुरीत मला भेटायला येतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, ‘मॅडम, मैत्रिणी सगळं माझ्यापाशीच बोलतात, म्हणून काउन्सेलर व्हायचंय.’ ही ओढ मला मनापासून आवडते. पण चांगल्या मनाच्या माणसाला सहज सुचतं ते समोरच्याच्या उपयोगाचं असेलच असं नाही, म्हणून या कामाला शास्त्र लागतं. २०१९ च्या महापुरात ते मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या ऑगस्टमध्ये शिरोळ-करवीरमधली गावंच्या गावं शाळांत आणि मंगल कार्यालयांत येऊन राहिली होती. मदतीला आलेल्या काही उत्साही मंडळींना वाटत होतं, लोकांना गोल करून बसवावं, ‘पाणी शिरलं तेव्हा काय काय झालं, काय वाटलं’ ते बोलतं करावं, म्हणजे मन हलकं होईल. ऐकायला पटतंच. पण आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं उकरून काढण्याच्या या पद्धतीवर, म्हणजे डीब्रीफिंगवर, पुष्कळ अभ्यास झाले आहेत. त्यांचा कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, केलेला आढावा सांगतो की त्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, उलट काहींचा वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका २०११ ची आहे. तिचा सगळा भर तीन गोष्टींवर आहे: पाहा, ऐका, जोडून द्या.

छावणीत एक मावशी चहा तसाच ठेवून गोधडीचा दोरा ओढत बसल्या होत्या. आमची एक विद्यार्थिनी शेजारी जाऊन बसली. पुराचा विषय तिने काढलाच नाही. ‘मावशी, काय पाहिजे का?’ एवढंच विचारलं आणि थांबली. बऱ्याच वेळाने मावशी म्हणाल्या, ‘म्हशीचं दावं सोडलंतं. कुठं गेली असंल?’ मग जनावरांच्या छावणीत कुणाला फोन करायचा, पंचनाम्याला कुठले कागद लागतात, रेशनकार्ड भिजलंय त्याचं काय करायचं, अशी एकेक गोष्ट त्या दोघींनी मिळून शोधली. बघणाऱ्याला हे समुपदेशन वाटणार नाही. पण त्या वेळी पुराव्याला धरून होतं ते हेच काम.

समुपदेशन ही आपली विद्याशाखा जन्मली तीही अशाच रोजच्या गरजेतून. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी बोस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं केंद्र काढलं. पुढे १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनावरच्या पुस्तकात, सल्ला देण्याऐवजी समोरच्याला समजून घेण्यावर भर दिला. हे चालतं का, याची मोजदादही झाली. स्मिथ आणि ग्लास या संशोधकांनी १९७७ मध्ये मानसोपचार आणि समुपदेशनाचे ३७५ अभ्यास एकत्र तपासले. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती, न घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. त्यानंतर दोन वर्षांनी मानसशास्त्रज्ञ बॉर्डिन यांनी समुपदेशक आणि क्लायंट यांच्या नात्याची तीन अंगं मांडली: ध्येयावर एकमत, कामावर एकमत आणि परस्परांतला विश्वास. नवख्याने या तिन्हींवर जीव तोडून मेहनत घ्यावी, असं मला वाटतं.

ही मेहनत होते सुपरव्हिजनमध्ये. शिकणाऱ्याने सत्रातलं बोलणं शब्दशः लिहून आणायचं आणि अनुभवी माणसासोबत ओळ न ओळ तपासायची. वर्गातल्या एका सरावाचं उदाहरण देते. एमपीएससी करणाऱ्या मुलाची भूमिका घेतलेला विद्यार्थी म्हणाला, ‘अभ्यासाला बसलं की डोकं बधिर होतंय.’ समुपदेशक झालेल्या विद्यार्थ्याकडून लगेच उत्तर आलं, ‘आपण टाइमटेबल करूया.’ आम्ही तिथेच थांबलो. तेच वाक्य पुन्हा घेतलं आणि या वेळी विचारलं, ‘काल बसलास तेव्हा काय झालं, सांग.’ तो म्हणाला, ‘आबांनी ऊसबिलातनं क्लासची फी भरलीया. पुस्तक उघडलं की तेच दिसत्यात.’ टाइमटेबल या मुलाच्या काय कामाचं?

आता पदव्यांचं. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषधं तेच देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. तिथले अभ्यासक्रम सध्या बदलत आहेत, त्यामुळे प्रवेशाआधी परिषदेची ताजी यादी स्वतः बघा. समुपदेशनाकडे येणारे साधारणपणे मानसशास्त्रात एम.ए. करून येतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने समुपदेशकांनाही आपल्या कक्षेत घेतलंय. थोड्या दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सवर पाटी लावू नका, हे मी हात जोडून सांगते. कुठेही प्रवेश घेताना विचारा: माझी सत्रं कोण तपासणार, किती वेळा, आणि लिहून आणलेलं खरंच वाचणार का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे जा.

कामं शाळा-महाविद्यालयांत, सरकारी रुग्णालयांतल्या एचआयव्ही समुपदेशन केंद्रांत, कौटुंबिक न्यायालयात, संस्थांत असतात. सुरुवातीला पगार बेताचा असतो, बऱ्याचदा अर्धवेळ. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

कोल्हापुरात एक अडचण हमखास येते. इथे प्रत्येकाचं कुणीतरी ओळखीचं निघतंच. क्लायंटचा चुलता तुमच्या भावाच्या तालमीतला असतो, आई तुमच्या मावशीच्या भिशीत असते. ‘पोरगं काय म्हणालं?’ असं रस्त्यात विचारलं जातं. म्हणून गोपनीयतेचं बोलणं पहिल्याच सत्रात, पालकही समोर असताना झालं पाहिजे. तिची मर्यादाही तेव्हाच सांगायची: जिवाला धोका असेल तर मी गप्प राहणार नाही, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे.

जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारायला शिका. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर एकट्याने पेलू नका: त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन करा, घरच्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात सोबत जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. पहिलं सत्र घेण्याआधीच तो मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.