रिवॉर्ड कार्ड घ्यावं की ट्रॅव्हल कार्ड? पॉइंटचे रुपये करून ठरवा

बँकेच्या ॲपमध्ये दोन क्रेडिट कार्डं शेजारी शेजारी दिसतात. एकावर ठळक लिहिलेलं असतं, ‘१० पट रिवॉर्ड पॉइंट’. दुसऱ्यावर विमानाचं चित्र, विमानतळावरच्या विश्रामकक्षात (लाउंज) मोफत प्रवेश आणि माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट. दोन्हींचे फायदे वेगवेगळ्या मापांत सांगितलेले असल्यामुळे नुसतं बघून तुलना होत नाही. दोन्ही कार्डांचा हिशेब रुपयांत आणला, तोही स्वतःच्या खर्चावर, तर मात्र उत्तर तासाभरात मिळतं. तो हिशेब कसा करायचा, ते इथे क्रमाने सांगते.

त्याआधी एक अट. दर महिन्याचं बिल तुम्ही पूर्ण भरत असाल, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. बहुतेक कार्डांवर थकबाकीला महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. ५०,००० रुपये महिनाभर थकले की व्याज १,७५० आणि जीएसटी ३१५, म्हणजे २,०६५ रुपये गेले. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, भरल्याने फक्त लेट फी वाचते, व्याज चालूच राहतं. ज्यांचं बिल अधूनमधून थकतं, त्यांनी पॉइंटच्या कार्डांमागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी: मागच्या वर्षाचा खर्च कागदावर मांडा

बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआय ॲपमधला इतिहास काढा. बारा महिने घ्या, कारण दिवाळीची खरेदी, मुलांच्या शाळेची फी, विम्याचा हप्ता आणि मे महिन्यातली सहल वर्षातून एकदाच येतात. एखाद-दोन महिन्यांवरून अंदाज चुकतो. रकाने असे करा: किराणा, ऑनलाइन खरेदी, पेट्रोल, वीज-गॅस-मोबाइल, बाहेरचं जेवण, विमा, प्रवास. घरभाडं वेगळं लिहा, कारण कार्डाने भाडं भरलं तर अनेक बँका एक टक्का वेगळं शुल्क लावतात आणि पॉइंटही देत नाहीत.

उदाहरणासाठी एक घर घेऊ. वर्षाचा किराणा १,४४,०००, ऑनलाइन खरेदी ९६,०००, पेट्रोल ४८,०००, वीज-गॅस-मोबाइल ६०,०००, बाहेर जेवण ३६,०००, विमा ४०,०००, विमान आणि हॉटेल ६०,०००. एकूण ४,८४,००० रुपये.

दुसरी पायरी: ज्या खर्चावर पॉइंट नाहीत, तो आधी खोडा

प्रत्येक कार्डासोबत बँकेने महत्त्वाच्या अटी-शर्तींचा कागद देणं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. बँकेच्या संकेतस्थळावर तो पीडीएफमध्ये मिळतो. त्यात आणि रिवॉर्डच्या अटींत ‘यावर पॉइंट मिळणार नाहीत’ ही यादी शोधा. पेट्रोल, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, भाडं, ईएमआय आणि सरकारी भरणा तिथे हमखास असतात. विमा, वीजबिल आणि शाळेची फी काही कार्डांवर असतात, काहींवर नसतात, तर काहींवर महिन्याच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच पॉइंट मिळतात. ही मर्यादा जाहिरातीत क्वचितच दिसते, म्हणून ती शोधूनच काढावी लागते.

पेट्रोलबद्दल लोकांचा गैरसमज असतो. ‘फ्युएल सरचार्ज माफ’ याचा अर्थ पेट्रोल स्वस्त मिळतं असा नाही. कार्डाने पेट्रोल भरल्यावर जो साधारण एक टक्का जादा लागतो, तो परत मिळतो, तेवढंच. त्यावरचा जीएसटी सहसा परत येत नाही.

तिसरी पायरी: एका पॉइंटचे किती पैसे?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पॉइंट हे काही ठरलेलं चलन नाही. त्याची किंमत बँक ठरवते आणि एकाच कार्डावर ती वापरानुसार बदलते. एसबीआय कार्डच्या अनेक कार्डांवर चार पॉइंट म्हणजे एक रुपया. म्हणजे १०० रुपयांना १० पॉइंट मिळाले, तरी हातात अडीच रुपये येतात. ‘१० पट’ वाचून मनात जो आकडा येतो, त्यापेक्षा हा बराच लहान आहे.

एचडीएफसी बँकेच्या रेगालिया गोल्डसारख्या कार्डावर तोच पॉइंट बँकेच्या पोर्टलवरून विमान किंवा हॉटेल बुक करताना ५० पैशांचा धरला जातो आणि बिलात रोख वळता केला तर २० पैशांचा. एक पॉइंट, दोन किमती. म्हणून स्वतःला विचारा, मी हे पॉइंट खरोखर कशावर वापरणार आहे? मिक्सर किंवा गिफ्ट व्हाउचर घेणार असाल तर ट्रॅव्हल कार्डाचा प्रवासातला भाव तुमच्या हिशेबात धरायचाच नाही.

सूत्र सोपं आहे. १०० रुपयांच्या खर्चावर मिळणारे पॉइंट गुणिले एका पॉइंटची किंमत. येणारा आकडा म्हणजे परताव्याचा टक्का. काही बँका पॉइंट १५० किंवा २०० रुपयांवर देतात. तेव्हा आधी १०० वर आणा. आणि १९० रुपयांच्या बिलावर २०० चा टप्पा पूर्ण होत नाही, म्हणून पॉइंटच मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. रोजच्या छोट्या खरेदीत यात बरंच गळतं.

माइल्सचं गणित थोडं अवघड. काही कार्डांचे पॉइंट विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या सदस्य योजनेत वळवता येतात. प्रमाण कधी एकास एक असतं, कधी दोनास एक. वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. माइल्सवर काढलेल्या तिकिटावरही कर आणि शुल्क रोख भरावं लागतं, आणि हव्या त्या तारखेची जागा मिळेलच असं नाही. ज्यांना सुट्टी फक्त शाळेच्या सुट्टीतच घेता येते, त्यांनी माइल्सची किंमत हात राखून धरावी. मी असते तर सरळ पोर्टलवरचा भाव धरला असता.

चौथी पायरी: फी वजा करा, जीएसटीसकट

वार्षिक फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. २,५०० ची फी म्हणजे २,९५०. ५,००० ची म्हणजे ५,९००. ठरावीक खर्च झाला की फी माफ होते, पण त्या खर्चात भाडं आणि वॉलेट सहसा धरत नाहीत. अनेक बँका पॉइंट वापरताना ९९ रुपये आणि जीएसटी घेतात, म्हणजे दर वेळी जवळजवळ ११७ रुपये. पॉइंट साठवून एकदाच वापरलेले बरे, पण मुदत बघून. दोन वर्षांत संपणारे पॉइंट बऱ्याच कार्डांवर आहेत.

आता दोन्ही कार्डं आपल्या घरावर लावून बघू

समजा, रिवॉर्ड कार्डाची फी ५०० आणि जीएसटी, दोन लाखांच्या खर्चावर माफ. ठरावीक संकेतस्थळांवर १०० ला १० पॉइंट, बाकी सगळ्यावर १, पेट्रोलवर शून्य. पॉइंट २५ पैशांचा. आपल्या घराच्या ९६,००० च्या ऑनलाइन खरेदीतली ७०,००० ची त्या संकेतस्थळांवर होते. त्याचे ७,००० पॉइंट. पेट्रोल सोडून उरलेल्या ३,६६,००० चे ३,६६०. एकूण १०,६६० पॉइंट, म्हणजे २,६६५ रुपये. फी माफ, पॉइंट वापरण्याचे ११७ वजा. हाती २,५४८.

समजा, ट्रॅव्हल कार्डाची फी ५,००० आणि जीएसटी, माफी नाही, पण पॉइंट वापरायला वेगळं शुल्क नाही. विमान-हॉटेलवर १०० ला ५ पॉइंट, इतरत्र २; पेट्रोल, वीजबिल, विमा यांवर शून्य. प्रवासाला वापरला तर पॉइंट एक रुपयाचा. प्रवासाचे ३,००० पॉइंट, उरलेल्या २,७६,००० चे ५,५२०. एकूण ८,५२० रुपये. ५,९०० वजा केले की २,६२०.

फरक ७२ रुपयांचा. पण हेच ८,५२० पॉइंट एखाद्या वर्षी प्रवास झाला नाही म्हणून व्हाउचरवर २५ पैशांनी वापरले, तर मिळतात २,१३० आणि फी जाते ५,९००. म्हणजे ३,७७० रुपये पदरचे गेले. रिवॉर्ड कार्डात असा धोका नाही. देशातच, वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा विमानाने जाणाऱ्या घरासाठी म्हणूनच मी साधं रिवॉर्ड कार्ड सुचवेन.

पाचवी पायरी: परदेशी जाणार असाल तर हिशेब पुन्हा करा

मुलगा-सून अमेरिकेत आहेत, मुलगी जर्मनीत शिकते, अशा घरांनी ही पायरी नीट करावी. परकीय चलनातल्या खर्चावर बँक मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, लावते. नेहमीचा दर साडेतीन टक्के, जीएसटीसह ४.१३ टक्के. चांगल्या ट्रॅव्हल कार्डांवर तो दोन टक्के, म्हणजे जीएसटीसह २.३६, काही कार्डांवर तर शून्य. तिथे दीड लाखाचा खर्च झाला तर वरच्या रिवॉर्ड कार्डावर ६,१९५ रुपये मार्कअप जाईल आणि पॉइंटचे ३७५ परत येतील. दोन टक्क्यांच्या ट्रॅव्हल कार्डावर ३,५४० जातील आणि ३,००० परत येतील. एकाच सहलीत ५,२८० रुपयांचा फरक पडला. इथे ट्रॅव्हल कार्ड निर्विवाद पुढे जातं.

आणि परदेशातल्या दुकानात मशीनवर ‘रुपयांत भरायचं की डॉलरमध्ये?’ असं विचारलं, तर तिथलंच चलन निवडा. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यातला विनिमय दर महाग असतो आणि बँक त्यावर वेगळं शुल्कही लावू शकते. आईवडिलांच्या हातात कार्ड देताना हे त्यांना आवर्जून सांगा. कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका, हेही; त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

लाउंजचं काय?

लाउंजला मी हिशेबात फार किंमत देत नाही. तिथे जेवणखाण मिळतं, हे खरं, पण बऱ्याच कार्डांवर आता आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच प्रवेश मिळतो. ही अट, वर्षातल्या भेटींची संख्या आणि सोबतच्या माणसाला प्रवेश आहे की नाही, एवढं तपासा. चौघांच्या कुटुंबात एकालाच आत सोडलं तर बाकी तिघांनी बाहेर बसायचं का?

नियम बदलतात, हे धरून चाला

ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० पॉइंट जादा मिळायचे. सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले, पॉइंट वळवण्याचं प्रमाण ५:४ वरून ५:२ वर आलं (पाच पॉइंटला चारऐवजी दोनच माइल्स) आणि फी १०,००० वरून १२,५०० झाली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या नावाच्या कार्डांचंही प्रयोजन संपलं. म्हणून पॉइंट वर्षानुवर्षं साठवू नका, आणि एकाच विमान कंपनीशी बांधलेलं कार्ड घेताना ती कंपनी तुमच्या गावाहून उडते का, ते आधी बघा.

अर्ज करताना

दोन्हींसाठी एकदम अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्ज-परतफेडीच्या नोंदींत, नोंदली जाते. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे क्यूआर स्कॅन करून पैसे देत असाल तर रुपे नेटवर्कचं कार्ड मागा, कारण यूपीआयला रुपे क्रेडिट कार्डच जोडता येतं. यूपीआयवरच्या खर्चाला पॉइंट किती, हे मात्र वेगळं विचारा. कार्ड आल्यावर ऑटो-डेबिट लावताना ‘पूर्ण रक्कम’ हाच पर्याय निवडा.

वर्ष संपायच्या महिनाभर आधी मिळालेले पॉइंट आणि भरलेली फी पुन्हा समोरासमोर मांडा. तोटा दिसला तर बँकेला फोन करून फी माफी मागा. नाही म्हणाले तर त्याच बँकेचं बिनफीचं कार्ड बदलून मागा. कार्ड बंदच करायचं ठरलं तर आधी पॉइंट वापरून टाका, थकबाकी शून्य करा आणि लेखी विनंती पाठवा. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने खातं बंद केलं नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड तिने तुम्हाला द्यायचा असतो.