ओपन टाकलेल्या रिसर्च डेटाचा उपयोग कुणाला झाला, हे शोधायचं आणि मोजायचं कसं

डेटासेट रिपॉझिटरीवर (डेटा ठेवायच्या ऑनलाइन भांडारावर) टाकला, डीओआय (त्याचा कायमचा ओळख क्रमांक) मिळाला, वर्षभराने कुणीतरी विचारलं की याचा इम्पॅक्ट काय, आणि आपण डाउनलोडचा आकडा सांगून मोकळे झालो. बऱ्याच लॅबमध्ये असंच चालतं. पण डाउनलोड म्हणजे फाइल कुणाच्या तरी मशीनवर गेली एवढंच, ती उघडली का, त्यातून काही निघालं का, का तशीच फोल्डरमध्ये पडून राहिली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मी गेली काही वर्षं डेटासेटचे रिपोर्ट बनवायचं काम करते, आणि माझं ठाम मत झालंय की आकडे गोळा करणं हे काम अर्धंच आहे, उरलेलं अर्धं म्हणजे प्रत्येक उल्लेख उघडून वाचणं, आणि तेच कुणी करत नाही.

सुरुवात मात्र मोजण्याच्या खूप आधी होते, डेटा टाकतानाच. डेटासेटला स्वतःची पक्की ओळख नसेल तर नंतर त्याचा माग लागत नाही. डेटासाठी डीओआय देणारी डेटासाइट ही संस्था २००९ मध्ये सुरू झाली आणि आज झेनोडो, ड्रायड, फिगशेअर, डेटाव्हर्स अशा बहुतेक ठिकाणी डेटा टाकला की डीओआय आपोआप मिळतो, त्यामुळे लॅबच्या वेबसाइटवर झिप फाइलची लिंक टाकून सोडायचं काही कारण उरलेलं नाही. ती लिंक दोन वर्षांत मरते आणि तिच्याबरोबर सगळा हिशोबही जातो.

झेनोडोवर दोन प्रकारचे डीओआय मिळतात, एक त्या त्या व्हर्जनचा आणि एक सगळ्या व्हर्जन मिळून असलेला. लोक कधी हा वापरतात कधी तो, म्हणून सायटेशन (दुसऱ्यांनी आपल्या लेखनात दिलेले संदर्भ) शोधताना दोन्ही, किंबहुना प्रत्येक व्हर्जनचा डीओआय वेगवेगळा शोधा. एकच शोधलात तर निम्मे उल्लेख हातातून निसटू शकतात.

गिटहबवर (कोड आणि फाइल ठेवायच्या वेबसाइटवर) डेटा ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. तिथे रिपॉझिटरीला किती लोक आले, किती जणांनी क्लोन केलं (पूर्ण प्रत उतरवून घेतली), हे फक्त मागच्या १४ दिवसांचं दिसतं, त्याआधीचं गेलं ते गेलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून दर पंधरवड्याच्या आत कुणीतरी ते आकडे उतरवून ठेवायला हवेत, किंवा एखादी छोटी स्क्रिप्ट लावून द्यायला हवी. आणि गिटहब झेनोडोला जोडता येतं, जोडलं की प्रत्येक रिलीजला डीओआय मिळतो, ते करून टाका. शिवाय सायटेशन डॉट सीएफएफ नावाची छोटी फाइल टाकली की गिटहबच्या पानावर हे कसं साइट करायचं ते आपोआप दिसतं. रीडमी फाइलमध्ये (डेटाबरोबरच्या माहितीच्या फाइलमध्ये) सुद्धा पहिल्याच परिच्छेदात पूर्ण सायटेशन लिहून द्या, कॉपी करून चिकटवता येईल असं. लोकांना साइट करायचं असतं हो, पण कसं ते शोधायला पाच मिनिटं लागली तर ते सोडून देतात.

आता व्ह्यू आणि डाउनलोड. हे आकडे अगदीच टाकाऊ नाहीत, पण ते कसे मोजलेत ते आधी बघा. सर्च इंजिनचे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) दिवसरात्र रिपॉझिटरी चाळत असतात, त्यामुळे कच्च्या सर्व्हर लॉगमधला आकडा फुगलेलाच असतो. यासाठी काउंटर (ऑनलाइन वापर मोजण्याचे नियम ठरवणारी संस्था) आणि मेक डेटा काउंट (डेटाचा वापर मोजण्यासाठीचा उपक्रम) यांनी मिळून संशोधन डेटासाठी एक नियमावली काढली, तिची पहिली आवृत्ती २०१८ ची. त्यात आधीच माहीत असलेले बॉट वगळायचे, एकाच माणसाने ३० सेकंदांच्या आत तीच गोष्ट दोनदा क्लिक केली तर एकदाच धरायची, स्क्रिप्टने केलेले डाउनलोड आणि माणसाने केलेले डाउनलोड वेगळे दाखवायचे, असं सगळं ठरवून दिलंय. तुमची रिपॉझिटरी ही नियमावली पाळते का ते तिच्या मदतीच्या पानावर बघा, आणि पाळत नसेल तर तो आकडा दुसऱ्या रिपॉझिटरीतल्या आकड्याशेजारी ठेवू नका, ती तुलनाच होत नाही.

युनिक डाउनलोड आणि एकूण डाउनलोड यातला फरकही समजून घ्या. समजा एका डेटासेटमध्ये २०० वेगवेगळ्या फाइल आहेत आणि दुसऱ्यात एकच झिप. एकूण डाउनलोडमध्ये पहिला डेटासेट उगाच मोठा दिसू शकतो कारण एकच विद्यार्थी एका बैठकीत २०० वेळा क्लिक करतो. युनिकमध्ये तो एकदाच धरला जातो, म्हणून रिपोर्टमध्ये युनिकच द्यावं. आणि आकड्याशेजारी तारीख लिहा, नेहमी, कारण डाउनलोड १,२४० असं लिहिलेलं असलं आणि कधीपर्यंतचं ते नसलं तर पुढच्या वर्षी त्याचा काही उपयोग नाही.

यानंतर येतं सायटेशन, आणि इथे मन लावून काम करायला लागतं, कारण डेटाची सायटेशन कुठे एका जागी सापडत नाहीत. पेपरचं नाव रेफरन्स लिस्टमध्ये येतं, डेटाचं मात्र कधी मेथड्सच्या मधल्या एखाद्या वाक्यात, कधी तळटीपेत, कधी आभारात, कधी सप्लिमेंटरी फाइलमध्ये. डेटाला पेपरसारखंच साइट करा असं सांगणारी तत्त्वं फोर्स इलेव्हन या संशोधक-प्रकाशकांच्या गटाने २०१४ मध्येच मांडली, सवय मात्र अजून पूर्ण बदललेली नाही.

माझी पद्धत अशी. आधी डेटासाइट कॉमन्सवर (डेटासाइटच्या शोधायच्या वेबसाइटवर) डीओआय टाकून बघायचं, तिथे नोंदलेली सायटेशन दिसतात. पण जरा थांबून बघा, त्यात तुमचाच मूळ पेपरही असू शकतो, कारण हा डेटा अमुक पेपरची पुरवणी आहे असं तुम्ही मेटाडेटात (डेटाबद्दलच्या नोंदीत) लिहिलं की ते नातंही सायटेशन म्हणून मोजलं जातं. तो एक वजा करा, किंवा वेगळा दाखवा. मग गूगल स्कॉलरवर डीओआय अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. मग डेटासेटचं नाव, त्याचं लोक वापरतात ते लघुरूप, आणि मग रिपॉझिटरीचं नाव अधिक पहिल्या लेखकाचं आडनाव. जीवशास्त्राचा डेटा असेल तर युरोप पीएमसी विसरू नका, तिथे पेपरच्या पूर्ण मजकुरात शोधता येतं, आणि या क्षेत्रात लोक डीओआय नाही तर अॅक्सेशन नंबर लिहितात, म्हणजे जेनबँक किंवा प्रोटीन डेटा बँक अशा डेटाबँकेने नोंदीला दिलेला क्रमांक, त्यामुळे नुसता डीओआय शोधून बसलात तर काहीच सापडणार नाही आणि तुम्हाला वाटेल की कुणी वापरलंच नाही. डेटासाइट आणि मेक डेटा काउंटने २०२४ मध्ये डेटा सायटेशन कॉर्पस हा संग्रह खुला केला, त्यात रीतसर सायटेशनबरोबर पेपरच्या मजकुरातून मशीनने वेचलेले उल्लेखही आहेत. तोही चाळा, फक्त मशीनने वेचलेलं असल्यामुळे प्रत्येक नोंद स्वतः तपासून मगच धरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ पेपरला साइट करणारे पेपरही उघडा. खूप लोक डेटा वापरतात आणि साइट पेपरला करतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा कोविडचा डेटा घ्या, डॅशबोर्ड २२ जानेवारी २०२० ला सुरू झाला, डेटा गिटहबवर सगळ्यांना खुला होता, १० मार्च २०२३ ला नवीन नोंदी घेणं थांबवलं. या काळात जगभरच्या वर्तमानपत्रांनी, सरकारी यंत्रणांनी, संशोधकांनी तो वापरला, पण संशोधनातलं बरचसं श्रेय नोंदलं गेलं ते लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्याच्यावरच्या छोट्या लेखाच्या नावावर. तो लेख बाजूला ठेवून नुसता डेटाचा माग काढला तर चित्र अर्धवटच दिसेल.

याहून जुनं उदाहरण आयरिसच्या डेटाचं. १५० फुलांची मापं, तीन जाती, प्रत्येकीची ५०. मापं घेतली एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने, संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३६ च्या पेपरमध्ये ती वापरली, आणि जगात तो डेटा फिशरचा आयरिस डेटा म्हणून ओळखला जातो. उन्हातान्हात फुलं मोजणाऱ्या माणसाचं नाव मागे पडलं. ही गोष्ट दरवेळी माझ्या मनाला लागते, कारण आजही डेटा गोळा करणाऱ्यांचं असंच होतं. म्हणून डेटासेटच्या लेखकांत फील्डवर जाणाऱ्यांची, डेटा साफ करणाऱ्यांची नावं घाला, त्यांचे ऑर्किड (प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) जोडा, आणि ते पेपरच्या लेखकांपेक्षा वेगळे असले तर असू द्या. ऑर्किड जोडलं की नंतर मोजलेलं श्रेय योग्य माणसाच्या खात्यावर जातं.

आयरिसवरून अजून एक शिकण्यासारखं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या मशीन लर्निंग रिपॉझिटरीवर जी फाइल होती तिच्यात ३५ व्या आणि ३८ व्या नमुन्याचे काही आकडे मूळ पेपरपेक्षा वेगळे आहेत, आणि हे लोकांच्या लक्षात आलं ते अनेकांनी वापरल्यामुळेच. कुणी तुमच्या डेटात चूक काढली तर ती नोंद लपवू नका, इम्पॅक्टच्या तक्त्यात लिहा. चूक सापडली म्हणजे कुणीतरी तो डेटा खरोखर एकेक ओळ वाचलाय, यापेक्षा मोठा पुरावा कुठला.

तर तक्ता. साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक उल्लेखाला एक ओळ, त्यात कुठे सापडला, कधी, कोणत्या क्षेत्रातला, लेखकांत आपल्या गटातलं कुणी आहे का, कोणतं व्हर्जन वापरलं, आणि सगळ्यात मोठा कॉलम म्हणजे नेमकं काय केलं. मी हे प्रकार वापरते: नवीन प्रश्नासाठी विश्लेषण केलं, दुसऱ्या डेटाबरोबर जोडला, आपले निष्कर्ष पडताळून बघितले, मॉडेल तपासायला वापरला, वर्गात शिकवायला वापरला, आणि नुसता उल्लेख केला. हा शेवटचा प्रकार प्रामाणिकपणे भरा. असा डेटा उपलब्ध आहे एवढंच वाक्य असलेला पेपर म्हणजे वापर नव्हे, आणि वाचायला बसलात की असे पेपर बरेच निघतात. पण उरतात ते पक्के असतात, आणि कुणी उलटतपासणी केली तरी टिकतात.

इथे एक विनंती, ओपन डेटा दिला की सायटेशन वाढतात हे वाक्य रिपोर्टमध्ये टाकताना जपून. हेदर पिवोवार आणि टॉड व्हिजन यांनी २०१३ मध्ये जीन एक्स्प्रेशनचे १०,५५५ अभ्यास तपासले, डेटा खुला असलेल्यांना सुमारे ९ टक्के जास्त सायटेशन दिसली. २०२० मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात पीएलओएस आणि बीएमसी या प्रकाशकांचे पाच लाखांवर लेख होते, आणि डेटा रिपॉझिटरीत असल्याची लिंक दिलेल्या लेखांना सरासरी २५ टक्क्यांपर्यंत जास्त सायटेशन होती. दोन्ही आकडे चांगलेच आहेत, पण ते पेपरच्या सायटेशनचे आहेत, डेटाच्या वापराचे नाहीत, आणि डेटा नीट ठेवणारे लोक बाकीचंही काम नीट करत असतील ही शक्यता त्यात राहतेच. तुमच्या एका डेटासेटबद्दल ते काही सिद्ध करत नाहीत.

विद्यापीठाबाहेरचा परिणाम शोधणं जास्त अवघड. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचं जे मूल्यमापन होतं, आरईएफ, त्यात इम्पॅक्ट म्हणजे शैक्षणिक जगाच्या बाहेर अर्थव्यवस्था, समाज, धोरण, आरोग्य, पर्यावरण यांत झालेला बदल किंवा फायदा असं धरतात, म्हणजे तिथे सायटेशन कितीही असली तरी ती इम्पॅक्ट ठरत नाहीत. धोरणाच्या कागदपत्रांसाठी ओव्हरटन, बातम्या आणि चर्चेसाठी ऑल्टमेट्रिक, पेटंटसाठी गूगल पेटंट्स, आणि आर किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषांच्या पॅकेजमध्ये तुमचा डेटा घातलाय का तेही बघा, कारण पॅकेजमधून वापरणारा माणूस तुमच्या पानावर कधी येतच नाही आणि तुमच्या डाउनलोडमध्ये दिसत नाही.

सगळ्यात जास्त माहिती मात्र विचारल्यावरच मिळते. डेटाच्या पानावर एक ओळ टाका, तुम्ही हा डेटा वापरला तर कळवा, आणि ईमेल द्या. डाउनलोडच्या आधी फॉर्म भरायची सक्ती करू नका, त्याने नावं मिळतात पण माणसं परत जातात, आणि लोकांची वैयक्तिक माहिती सांभाळायची जबाबदारीही अंगावर येते. सीसी झीरो लायसन्स (सगळे हक्क सोडून दिल्याचा परवाना) असेल तर श्रेय देण्याची कायद्याने सक्ती नसते, तिथे तर ही विनंती हवीच.

घाई करू नका. डेटा डाउनलोड करून, समजून घेऊन, पेपर लिहून, तो छापून यायला सहज दोन तीन वर्षं जातात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा शून्य म्हणजे अपयश नाही. दर सहा महिन्यांनी एक दिवस राखून ठेवा, तेच शोध तेच शब्द टाकून पुन्हा करा, नवीन ओळी भरा.

ज्यांनी खरोखर वापरला असं तक्त्यात दिसतं, त्यातल्या चार पाच जणांना साधं ईमेल लिहा. दोनच प्रश्न विचारा, हा डेटा नसता तर तुमचं काम कसं केलं असतं, आणि डेटा वापरताना कुठे अडलात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर परवानगी घेऊन रिपोर्टमध्ये त्यांच्याच शब्दांत टाका, दुसऱ्याचं उत्तर त्याच आठवड्यात रीडमीमध्ये घाला आणि नवीन व्हर्जन काढा.