पूररेषेच्या कामात नवीन असाल तर

पूररेषांच्या, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येईल ते नकाशावर आखायच्या कामाला लागले तेव्हा माझा समज होता, हेक-रास हे नदीच्या पाण्याचं मॉडेल करणारं सॉफ्टवेअर चालवता आलं की झालं. ते फुकट मिळतं आणि शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. दोन आठवड्यांत नदीच्या एका तुकड्याचं मॉडेल उभं करून मी निळाशार नकाशाही छापला. वरिष्ठांनी तो बाजूला सारला आणि विचारलं, "पुलाचे तलांक कुठल्या डेटमवरचे?"

मी गप्प. तलांक म्हणजे उंचीचा आकडा, आणि डेटम म्हणजे ती उंची जिथून मोजतात ते शून्य. नदीपात्राचे आडवे छेद नव्या मोजणीतले होते, पुलाचे आकडे मात्र जुन्या नकाशावरून उचललेले, आणि दोन्हींचं शून्य वेगळं. फरक जेमतेम 80 सेंटिमीटरचा. पण तेवढ्याने माझा पूल खऱ्यापेक्षा उंच झाला होता आणि पूर त्याखालून आरामात निघून जात होता. आकडा सुधारल्यावर पाणी गर्डरला भिडलं, मागे तुंबलं आणि वरच्या अंगाची पूररेषा दोन गल्ल्या आत सरकली. अमेरिकेत 1929 आणि 1988 अशी उंचीची दोन डेटम आहेत. पश्चिमेकडच्या काही भागांत त्यांच्यात मीटरभराचा फरक पडतो. तेव्हा प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत डेटम लिहा. हे कोणी सांगणार नाही, चुकलात की विचारतील मात्र.

दुसरी गोष्ट, आपण कोणता पूर आखतोय ते आधी नियमात बघा. महाराष्ट्रात निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची, लाल 100 वर्षांच्या. अमेरिकेत विम्याचे नकाशे 1 टक्का पुरावर बेतलेले असतात, म्हणजे तोच 100 वर्षांचा. हे नाव मोठं फसवं आहे. "गेल्या साली आला, आता शंभर वर्षं निवांत" असं लोक म्हणतात. इंजिनिअरही म्हणतात, हे जास्त वाईट. दर वर्षी 1 टक्का शक्यता म्हणजे 30 वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के. कॅल्क्युलेटरवर एकदा स्वतः करून बघा, मग विसरणार नाही.

अमेरिकेच्याच नियमात 'फ्लडवे' नावाचा पट्टा असतो. दोन्ही काठांवर भराव टाकत आत आलं, तर पाण्याची पातळी 1 फुटापेक्षा जास्त वाढू नये, एवढी वाट नदीला मोकळी ठेवायची. तो 1 फूट निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी ठरवलेली मर्यादा आहे; काही राज्यं त्याहून कडक मर्यादा लावतात.

खरी परीक्षा मॅनिंगच्या एन ची, म्हणजे पात्र आणि काठ पाण्याला किती अडवतात ते सांगणाऱ्या आकड्याची. स्वच्छ, सरळ पात्राला 0.03 धरतात, दाट झुडपांच्या काठाला 0.1 पर्यंत जातात. तपासणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "हा आकडा कुठून आणला?" तक्त्यातून, एवढं उत्तर पुरत नाही. त्या छेदाचा फोटो आणि एका ओळीचं कारण जोडलेलं हवं. अहवाल लिहिणं कंटाळवाणं वाटतं खरं, पण वर्षभराने कोणी हरकत घेतली की तेच कागद कामी येतात.

मॉडेल जुळतंय का, हे पाहायला पुराच्या खुणा लागतात. एका आजींनी मला भिंतीवरची गाळाची रेघ दाखवली. माझं पाणी तिच्या 40 सेंटिमीटर खाली थांबत होतं. एन वाढवून रेघ गाठायचा मोह झाला. सुदैवाने आधी जागेवर जाऊन खालच्या अंगाला पाहिलं. तिथली मोरी मॉडेलमध्ये घेतलीच नव्हती.

अशी खूण दिसली की त्याच दिवशी तिचा तलांक घ्या. पुढच्या खेपेला भिंतीला रंग लागलेला असतो.