दहाच्या गड्डीत काय शोधायचं?

जुनी नोट म्हणजे मोलाची नोट, हा समज आधी बाजूला ठेवा. चार घड्या पडलेली, तेलकट बोटांनी मळलेली दहाची नोट वीस वर्षांची असली तरी दहालाच जाते. संग्राहक बघतो नंबर, सही आणि नोटेची तब्येत. या तिन्ही जमल्या तर परवा छापलेली नोटही वहीत ठेवायच्या लायकीची.

सगळे फोनवरून पैसे द्यायला लागल्यापासून सुट्ट्या नोटा हातात कमी येतात, म्हणून त्या जिथं साठतात तिथं जायचं. सांगलीत गणपती पेठेतली किराणा दुकानं, मिरजेत स्टेशनजवळच्या चहाच्या गाड्या, साताऱ्यात राजवाड्याजवळची भाजीवाली मंडळी आणि मोती चौकातली दुकानं. संध्याकाळी गल्ला मोजायच्या वेळी शंभर-पाचशेच्या नोटा घेऊन जा आणि दहा-वीसच्या गड्ड्या मागा. सकाळी जाऊ नका, त्या वेळी दुकानदारालाच सुट्टे लागतात. एसटीच्या कंडक्टरला गर्दीत थांबवून पिशवी उघडायला लावू नका. तिकिटानंतर मिळेल ती मोड बघा, तेवढं पुरे.

लग्नसराईत आहेराची पाकिटं सोडू नका. एक्कावन्न, एकशे एक करायला अनेक जण एक रुपयाची कोरी नोट घालतात. १९९४ साली बंद झालेली ही नोट २०१५ पासून पुन्हा निघाली. ती रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते आणि तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, वित्त सचिवाची सही असते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या एक रुपयाच्या नोटांवर मनमोहन सिंग यांची सही सापडते, कारण तेव्हा ते वित्त सचिव होते. पण ती आता मोडीत नाही, आजीच्या ट्रंकेत मिळायची.

गड्डी हातात आली की शंभरही नोटांची तोंडं एका बाजूला करा. पहिल्या फेरीत फक्त रंग. चॉकलेटी दहा (२०१८ पासून) आणि हिरवट पिवळी वीस (२०१९ पासून) एकीकडे, त्याआधीच्या दुसरीकडे. जुन्या दहाच्या मागं गेंडा, हत्ती आणि वाघ आहेत. पाचच्या मागं ट्रॅक्टर. दुसऱ्या फेरीत नोटा उलट्या करून मागच्या बाजूला छापलेलं साल बघा, जुन्या नोटांवर ते खाली मधोमध असतं, नव्यांवर डावीकडे. साल नसेल तर नोट २००५ च्या आधीची, ती लगेच वेगळी काढा.

तिसरी फेरी नंबराची, आणि हिला वेळ द्यायचा. सुरुवातीची अक्षरं संपतात आणि आकडे सुरू होतात त्या फटीत छोटा तारा असेल तर ती स्टार नोट. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी भरती म्हणून ती गड्डीत घातलेली असते. ही पद्धत २००६ मध्ये दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून सुरू झाली. कोऱ्या गड्डीत स्टार नोटा असल्या तर बँकेच्या कागदी पट्टीवर तसं लिहिलेलं असतं, तेव्हा पट्टी फाडण्याआधी वाचा. मळकी स्टार नोट मात्र ठेवून उपयोग नाही.

नंबराच्या मागं फिकट छापलेलं एक इंग्रजी अक्षरही असतं, कधी नसतं. साल, सही आणि हे अक्षर अशी तिहेरी जोडी जमवण्यातच या नादाची खरी मजा आहे. २०१३ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सुब्बाराव गेले आणि राजन आले, त्यामुळं अशा बदलाच्या सालातल्या नोटा दोन्ही सह्यांसाठी तपासायच्या. साल नसलेल्या, गांधींचं चित्र असलेल्या दहावर आधीचे गव्हर्नर रंगराजन यांची सही दिसली तर ती १९९६ ला सुरू झालेल्या गांधी मालिकेच्या अगदी सुरुवातीची. सुब्बारावांच्या सहीच्या सुरुवातीच्या नोटांवर रुपयाचं चिन्ह नाही, नंतरच्यांवर आहे, दोन्ही ठेवा.

आकड्यांमध्ये सहा सारखे, १२३४५६ असे ओळीनं, १२३३२१ असे उलटसुलट सारखे किंवा १५०८४७ सारखी तारीख शोधा. ७८६ ला गिऱ्हाईक कायम असतं, पण नंबरात कुठंतरी ७८६ आलेल्या नोटा इतक्या आहेत की मोबाइलवर दिसणाऱ्या लाखांच्या किमती निव्वळ थापा समजा.

चुकीच्या छपाईची नोट मिळाली तर आधी शंका घ्या. दोन्ही ठिकाणचे नंबर जुळतात का, कागदाची कड सरळ कापली आहे का, हे बघा. नंबर गायब असेल तर टॉर्च नोटेला जवळजवळ टेकवून आडवा धरा: खोडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले दिसतात. छापतानाच कोपरा दुमडला असेल तर उलगडल्यावर कडेला जादा कागदाची जीभ राहते, आणि छपाई घडीच्या रेषेवर बरोबर तुटते. कात्री लावून केलेल्या खोट्या चुकीत असं जमत नाही.

नोट कडेनं धरा. धुणं, इस्त्री, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या चारांनी किंमत मातीत जाते. बँका २००१ पर्यंत गड्ड्यांना पिना मारत, म्हणून त्याआधीच्या चांगल्या नोटेलाही डाव्या बाजूला भोकं असतात. ती बुजवू नका. साध्या पीव्हीसीच्या पाकिटात नोट काही वर्षांत चिकट होते, त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ती दर महिन्याला बदला, नाहीतर कसर लागते.

विकताना आधी कमिशन किंवा कर भरा म्हणणारा फोन आला की तोडा. रिझर्व्ह बँक जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, तिच्या नावानं होणाऱ्या या फसवणुकीबद्दल तिनं २०२१ मध्ये स्वतःच सावध केलं होतं. रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा एरवी दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी मर्यादा पंचवीसची आहे.

न निवडलेल्या नोटा शंभर-शंभरच्या गड्ड्या लावून, तोंडं एका बाजूला करून दुसऱ्याच दिवशी दुकानात द्या. मोजून दिलेलं बंडल मिळालं की दुकानदार पुढच्या वेळी स्वतः हाक मारतो.